पूरग्रस्त शाळेसाठी चित्रविक्री कशी करायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे सरकायला लागलं की कोल्हापुरातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच एक आकडा फिरत असतो, आणि तिकडे सांगलीत लोक आयर्विन पुलाच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत कोल्हापुरात ५६ च्या वर गेलं, आणि त्याच आठवड्यात २२ जुलैला वाशिष्ठीनं अख्खं चिपळूण पाण्याखाली घातलं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या शाळांचे पत्रे उडाले होते. अशा प्रत्येक वेळी आपल्याकडची चित्रकार मंडळी, आर्ट कॉलेजची पोरं, ड्रॉइंगचे सर विचारतात की आमच्याकडे द्यायला पैसे नाहीत पण चित्रं आहेत, ती विकून शाळेला मदत करता येईल का? येते की, आणि चांगली येते. पण बरेच जण पहिल्याच दिवशी इन्स्टावर पोस्ट टाकतात, पैसे स्वतःच्या फोनपेवर घेतात, आणि मग शाळेला नेमकं काय द्यायचं याचा विचार सुरू होतो. तो क्रम उलटा करायचा एवढंच या लेखात सांगायचंय: आधी शाळा, मग हिशोब, मग चित्रं.

आधी शाळेला विचारा, आणि यादी लेखी घ्या

पूर ओसरला की पहिल्या आठवड्यात शाळेत जाऊन त्रास देऊ नका. तेव्हा चिखल काढणं चाललेलं असतं, पंचनामे चाललेले असतात, आणि गावातली जी शाळा उंचावर आहे तिथे लोक राहायला आलेले असतात. आठ-दहा दिवसांनी मुख्याध्यापकांना फोन करा, वेळ घ्या, आणि एकटं जाण्यापेक्षा गावातलं कुणीतरी ओळखीचं बरोबर घ्या.

तिथे गेल्यावर "काय पाहिजे?" असं मोघम विचारलं की उत्तर येतं वह्या, दप्तरं, कंपास, कारण बाहेरचे लोक तेच देतात हे शिक्षकांनाही सवयीनं माहीत झालंय. पूर आला की वह्यांचे ट्रक येतात, एकेका पोराकडे चार-चार दप्तरं होतात. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांना शासनाकडून मोफतच मिळतात, बालभारतीकडून परत मागवता येतात. भिंत पडली, छप्पर गेलं तर ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं काम आहे, त्यांच्या परवानगीशिवाय तिथे वीटसुद्धा लावू नका, पुढे शिक्षकच अडचणीत येतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: "सर, शासनाकडून काय येणार आहे, कधी येणार आहे, आणि कशासाठी कुठलंच हेड, म्हणजे सरकारी खर्चाचं खातं, नाही?" ज्याला हेड नाही ते आपलं.

यात काय काय निघतं ते बघा. बेंच. पुरात बेंचची लोखंडी फ्रेम सहसा टिकते, वरची प्लायवूडची फळी मात्र फुगते, थर सुटतात, कडा फुटतात. फ्रेमला घासकाम करून रेड ऑक्साइड मारलं, रंग दिला आणि नुसत्या फळ्या बदलल्या तर नव्या बेंचपेक्षा बऱ्याच कमी खर्चात काम होतं, गावातलाच सुतार आणि वेल्डर ते करतो आणि त्यालाही पुरानंतर चार पैसे मिळतात. मग लाइटची फिटिंग, खालचे बोर्ड पाण्यात गेलेले असतात, ते तपासल्याशिवाय स्विच चालू करणं धोक्याचं आहे आणि नवीन करताना बोर्ड वर घ्यायला सांगा. पाण्याचा फिल्टर. पोषण आहाराची भांडी. ग्रंथालयाची गोष्टीची पुस्तकं, ही तर पहिल्यांदा जातात कारण ती नेहमी खालच्या कप्प्यात, पोरांच्या हाताला येतील अशी ठेवलेली असतात. चित्रकलेचं साहित्य, हार्मोनियम, लेझीम, ढोलकी, याच्यासाठी कुणीच पैसे देत नाही.

आणि एक गोष्ट जी यादीत कधीच येत नाही पण मी प्रत्येकाला सांगतो, कागदपत्रं. शाळेचं जनरल रजिस्टर भिजलं तर गावातल्या कित्येक पिढ्यांच्या जन्मतारखांचा, जातीच्या नोंदीचा पुरावा जातो. पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळेतल्या नोंदीसाठी लोक आजही दाखला मागायला येतात. भिजलेलं रजिस्टर उन्हात टाकायचं नाही, कागद आखडतो आणि पानं चिकटतात. सावलीत पंख्याखाली उभं उघडं ठेवायचं, दर काही पानांमध्ये कोरा शोषकागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. फार रजिस्टरं असतील आणि एकदम वाळवणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवायची, त्यानं बुरशी थांबते आणि मग सवडीनं एकेक काढून वाळवता येतं. दोन दिवसांच्या आत हे केलं तर बरंच वाचतं. म्हणजे हे काम चित्रविक्रीच्या पैशाची किंवा तुमच्या भेटीची वाट बघत थांबत नाही, ते पाणी ओसरताच मुख्याध्यापकांना फोनवर सांगा. पण नंतर ती रजिस्टरं नीट स्कॅन करून घेणं आणि एक वरच्या उंचीला बसवलेलं पत्र्याचं कपाट, हे तुमच्या पैशातून होऊ शकतं, आणि माझ्या मते याच्याइतका चांगला खर्च दुसरा नाही.

रंगकामाची घाई करू नका. चित्रकार लोकांना लगेच बोलक्या भिंती रंगवायचा उत्साह येतो, तो चांगलाच आहे, पण पुराचं पाणी भिंतीत मुरलेलं असतं, ऑगस्टमध्ये रंगवलेलं दिवाळीपर्यंत पोपडे धरतं. उन्हाळ्याच्या तोंडाला रंगवा, तोपर्यंत भिंती वाळतात आणि पोरांनाही बरोबर घेता येतं.

यादी झाली की प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत घाला, स्थानिक दुकानातून कोटेशन घ्या, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याचा ठराव करून घ्या. ही समिती नावापुरती नसते, शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि खरं सांगायचं तर शाळेत पाणी कुठून शिरलं, कुठलं कपाट आधी बुडालं हे त्या आयांना कुणाहीपेक्षा जास्त माहीत असतं. ठरावाची एक प्रत, शाळेचा यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) आणि मुख्याध्यापकांचं पत्र एवढं तुमच्याकडे असलं की पुढे कुणी विचारलं तर दाखवता येतं. केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला एक पत्र देऊन ठेवा, परवानगीपेक्षा माहिती म्हणून, म्हणजे त्याच शाळेला दुसरी संस्था तेच बेंच देत असेल तर कळतं.

एकच शाळा घ्या, फार तर दोन. "पूरग्रस्त शाळांसाठी" असं मोघम लिहिलं की लोकांच्या डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. "शिरोळ तालुक्यातल्या या शाळेच्या तिसरी-चौथीच्या वर्गाला बसायला फळ्या" असं लिहिलं की राहतं.

पैसे कुणाच्या खात्यात

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच चांगली चांगली माणसं बदनाम होतात, म्हणून नीट वाचा.

स्वतःच्या बचत खात्यात पैसे गोळा करू नका. भले तुमचा हेतू स्वच्छ असेल, तरी तुमचे घरचे व्यवहार आणि हे पैसे एकमेकांत मिसळतात, आणि बँकेनं किंवा आयकरवाल्यांनी विचारलं तर सांगता सांगता नाकी नऊ येतात. रस्ते साधारण तीन. एक, जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळेचं लोकसहभागाचं खातं, ते समितीचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीनं चालतं का हे विचारून घ्या, आणि सरकारी अनुदान येतं त्या खात्यात हे पैसे टाकू नका. दोन, खासगी अनुदानित शाळा असेल तर तिची शिक्षणसंस्था नोंदणीकृत असते, तिच्या खात्यात, पण पावतीवर कुठल्या शाळेसाठी ते लिहून. तीन, तुमच्या ओळखीचा एखादा नोंदणीकृत ट्रस्ट, जो नुसता या कामापुरता पैसे सांभाळेल आणि खर्चाची बिलं ठेवेल. मला तिसरा रस्ता सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण शिक्षकांवर आधीच कामाचा डोंगर असतो, त्यात आपल्या विक्रीचे दोनशे छोटे छोटे व्यवहार त्यांच्या पासबुकात नकोत.

ट्रस्ट नसेल आणि तुम्ही मित्रमंडळी मिळून लोकांकडून नुसते पैसेही गोळा करणार असाल तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली रीतसर अर्ज करावा लागतो, गणेश मंडळांना वर्गणीसाठी जी परवानगी लागते तीच. मंडळात काम केलेला कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच, त्याला धरा, त्याला सगळी प्रोसेस तोंडपाठ असते.

ग्राहक विचारणार, ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मिळेल का? इथे सरळ खरं सांगायचं. चित्र घेऊन पैसे दिले तर ती खरेदी झाली, देणगी नाही, त्यावर ८०जी ची पावती फाडू नका. ज्याला चित्र नको, नुसती देणगी द्यायचीय, त्याला ट्रस्टकडे ८०जी असेल तर पावती मिळते, पण २,००० च्या वर रोख दिली तर सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत ती सवलत नाहीच. दोन्हींचे क्यूआर कोड शक्यतो वेगळे ठेवा.

परदेशातल्या आपल्या लोकांचं काय? अमेरिकेत, दुबईत बसलेला मावसभाऊ लगेच म्हणतो मी पाठवतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे बँकेतून नीट येत असतील तर अडचण येत नाही. पण तिथलं नागरिकत्व घेतलेलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तर त्याची देणगी परकीय देणगी धरली जाते आणि एफसीआरए (परकीय देणगीचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेताच येत नाही. हे गमतीत घेण्यासारखं नाही. जीएसटीचंही सीएला एकदा विचारून घ्या, गावागावात ओळखीचा सीए असतो आणि अशा कामाला कुणी फी मागत नाही, निदान मी तरी बघितलं नाही.

चित्रं गोळा करताना

आता आपलं आवडीचं. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही, आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासूनची परंपरा आहे, दळवीज आर्ट्स, कलानिकेतन मधून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. कोकणात सावर्ड्याला आर्ट कॉलेज आहे, पिंगुळीला चित्रकथी आहे, सावंतवाडीत गंजिफा आणि लाकडी खेळणी आहेत. म्हणजे द्यायला माणसं कमी नाहीत. अडचण असते ती चित्र निवडण्यात.

चित्रकाराला "एखादं चित्र दे" म्हटलं की तो स्टुडिओच्या कोपऱ्यातलं पडून राहिलेलं काढून देतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यापेक्षा त्याला शाळेचा फोटो पाठवा, यादी पाठवा, आणि साइज ठरवून द्या. ८ बाय १० आणि १२ बाय १६ इंच, एवढ्याच दोन साइज. छोटी साइज असली की फ्रेम स्वस्त, पाठवणं सोपं, आणि फ्लॅटमध्ये भिंतीवर जागा मिळते. विषय मोकळा ठेवा, पण एक विनंती जरूर करा, बुडालेली घरं, रडणारी मुलं, छतावर बसलेली म्हातारी माणसं असली चित्रं नकोत. ती पेपरात बघायला ठीक, पण हॉलमध्ये रोज कोण लावणार? नदीचा घाट, ऊसाचा फड, पावसाळी कौलं, जोतिबाची सासनकाठी, वाशिष्ठीची खाडी, असं चित्र लोक आनंदानं घेतात. घेणाऱ्यानं चित्र आवडलं म्हणून घ्यावं, शाळेला मदत होते हे त्यावर आणखी समाधान. दया म्हणून घेतलेलं चित्र कपाटामागे जातं आणि तो माणूस पुढच्या वर्षी परत येत नाही.

चित्रकाराला हिस्सा द्या. यावर वाद होतात, "मदतीसाठी आहे तर फुकट द्यायला काय झालं" असं लोक सहज म्हणतात. पण रंग, कॅनव्हास, वेळ हे सगळं त्याच्या खिशातून जातं, आणि पुराच्या भागात तर कित्येकदा चित्रकाराचं स्वतःचं घर, कुंभारगल्लीतल्या मूर्तिकाराचं अख्ख्या वर्षाचं काम पाण्यात गेलेलं असतं. त्याला सामानाचे पैसे तरी मिळायला हवेत. ज्याला नको असेल तो स्वतःहून सोडतो, आणि बरेच जण सोडतात, पण तो निर्णय त्याचा. टक्के आधीच लेखी ठरवा, व्हॉट्सॲपवर मेसेज असला तरी चालतो. त्याच मेसेजमध्ये तीन गोष्टी घाला: चित्र विकलं नाही तर कधी आणि कुणाच्या खर्चानं परत मिळणार, प्रदर्शनात खराब झालं तर काय, आणि त्या चित्राची कार्डं किंवा प्रिंट काढायची परवानगी आहे का. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचे कॉपीराइट मिळतात असं नाही, ते चित्रकाराकडेच राहतात, म्हणून प्रिंटसाठी वेगळं विचारायचंच.

मुलांची चित्रं. शाळेतल्या पोरांची चित्रं विकायची कल्पना सगळ्यांना सुचते आणि चांगली होऊ शकते, पण सांभाळून. पालकांची लेखी संमती हवी. चित्राखाली फक्त पहिलं नाव आणि इयत्ता, गाव-आडनाव-फोटो एकत्र नको. मूळ चित्र पोराकडेच राहू द्या, त्याची कार्डं छापा. पोराला त्याचं पुराचं दुःख काढायला लावू नका, त्याला जे काढायचंय ते काढू दे, बहुतेक पोरं बैल, क्रिकेट आणि आपली आई काढतात, आणि तीच कार्डं जास्त खपतात.

कार्ड किंवा प्रिंटसाठी चित्राचा फोटो उन्हात नाही, सावलीत, दिवसा, फ्लॅश बंद करून, कॅमेरा चित्राला अगदी समांतर धरून काढायचा. ए४ प्रिंट चांगली यायची तर ३०० डीपीआयला २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल बारीक होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

किंमत

नवीन लोक इथे अडकतात. एक हिशोब करून दाखवतो, आकडे समजा म्हणून धरलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. चित्राची किंमत ३,००० रुपये. माउंट आणि फ्रेम ४५०, पॅकिंग आणि पाठवणं २००, चित्रकाराचा हिस्सा २० टक्के म्हणजे ६००. शाळेला राहिले १,७५०. हेच चित्राच्या लेबलवर छापा: "यातले १,७५० रुपये शाळेला जातात." "सर्व रक्कम शाळेला" असं लिहून मग खर्च वजा करणं चुकीचं आहे, आणि लोकांना खर्च असतो हे समजतं, फक्त आधी सांगावं लागतं.

आता उलटं मोजा. शाळेची यादी ७०,००० ची असेल तर १,७५० प्रमाणे ४० चित्रं विकली जायला हवीत. सगळी कधीच जात नाहीत, निम्मी धरा, म्हणजे ८० चित्रं गोळा करावी लागतील. ८० जमत नसतील तर यादी कापा आणि शाळेला आत्ताच सांगा, आशेला लावून ठेवू नका. शिवाय सगळं एकाच किमतीत नको. ज्याच्याकडे १०० रुपये आहेत त्यालाही काहीतरी घेता आलं पाहिजे, म्हणून कार्डांचा संच, बुकमार्क, मग प्रिंट, मग मूळ चित्रं, आणि एखाद्या मोठ्या चित्रकाराचं एखादं चित्र लिलावाला. भिंतीवरची कॅलेंडरं छापायच्या भानगडीत मात्र पडू नका, प्रत्येक घरात कालनिर्णय आधीच टांगलेलं असतं. टेबल कॅलेंडर चालतं, ऑफिसवाले भेट म्हणून घेतात.

फ्रेम करून विकायचं की नुसतं माउंट करून? गावातच विकणार असाल तर फ्रेम करा, भिंतीवर तयार दिसलेलं चित्र लवकर जातं. कुरियरनं जाणार असेल तर नुसतं माउंट, काच पाठवायचीच नाही.

विक्री कुठे आणि कधी

पूर जुलै-ऑगस्टला येतो, पाठोपाठ गणपती, मग दसरा-दिवाळी. विक्रीला दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे सगळ्यात चांगले, बोनस हातात असतो, भेटवस्तू घ्यायच्या असतात. पण लोकांच्या मनात पूर ताजा असतो तो ऑगस्टमध्ये. म्हणून घोषणा, शाळेची यादी आणि चित्रकारांची नावं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाहेर येऊ द्या, कार्डांचं बुकिंग सुरू करा, आणि मुख्य प्रदर्शन दिवाळीच्या तोंडावर घ्या.

कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक, पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, असे हॉल मिळाले तर उत्तम, पण त्यांचं बुकिंग आधीपासून झालेलं असतं. नाही मिळालं तरी अडू देऊ नका. सोसायटीचा क्लब हाऊस, बँकेचा हॉल, कॉलेजचं ऑडिटोरियम, अगदी मंगल कार्यालयाचा मधल्या वारी रिकामा असलेला हॉल. प्रदर्शनात दारातच शाळेची यादी मोठ्या अक्षरात लावा, आणि जी वस्तू भागली त्यावर दिवसभर टिक करत राहा. लोक थांबून वाचतात, "फिल्टर व्हायला आठशे कमी पडतायत" म्हटलं की कुणीतरी तिथल्या तिथे देतं. टेबलावर पावती पुस्तक, क्यूआर, आणि हिशोब लिहायला असा एक माणूस बसवा ज्याला चित्रांत रस नसला तरी चालेल पण आकड्यात चूक होत नाही.

गणेश मंडळं आपल्याकडची मोठी ताकद आहे. मंडपात विसर्जनाच्या आधी लाडवाचा, नारळाचा लिलाव होतोच, एक वार, दोन वार, तीन वार म्हणायला तिथे तयार माणूस असतो आणि बोली लावायला तयार गर्दी असते. त्याच वेळी मंडळाला एकच चित्र लिलावाला घ्यायला सांगा, त्या चित्राचा चित्रकार समोर उभा करा, शाळेतले एखादे गुरुजी दोन मिनिटं बोलू देत. बोली कमीत कमी कितीपासून आणि पैसे कधीपर्यंत द्यायचे हे आधी जाहीर करा, कारण भरात बोली लावून नंतर फोन न उचलणारेही असतात, पैसे येईपर्यंत चित्र हातातून सोडायचं नाही.

ऑनलाइन विकताना साधं ठेवा. वेबसाइट वगैरेच्या मागे लागू नका, एक गुगल फॉर्म आणि एक व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग पुरतो. प्रत्येक चित्राला नंबर द्या, साइज, माध्यम, चित्रकाराचं नाव, किंमत आणि शाळेला किती हे लिहा, आणि विकलं गेलं की त्याच क्षणी "विकलं" टाका. दोघांना एकच चित्र विकलं जाणं हा सगळ्यात जास्त होणारा घोळ आहे.

पाठवताना

कागदावरचं चित्र असेल तर आधी बटर पेपर, मग दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, चित्रापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा, मग प्लास्टिक, कारण आपल्याकडे ऑक्टोबरातही पाऊस पडतो, आणि मग बाहेरचं पाकीट. चिकटपट्टी चित्राला कुठेही लागता कामा नये. कॅनव्हास गुंडाळायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, बटर पेपर लावून, जाड पीव्हीसी पाइपात. रंग आत ठेवून गुंडाळला तर दाबानं चिरा पडतात, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. ऑइलचं चित्र नीट वाळल्याशिवाय गुंडाळायचंच नाही. स्पीड पोस्टनं गावोगाव जातं आणि ट्रॅकिंग मिळतं. आत शाळेची छापील चिठ्ठी आणि चित्रकाराच्या सहीचा कागद घाला.

खर्च आणि हिशोब

पैसे आले की शाळेला रोख देऊ नका, वस्तू द्या किंवा दुकानदाराला थेट बँकेतून द्या, बिल शाळेच्या नावानं. वस्तू शाळेत पोचली की डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या मालकीच्या वस्तूंची नोंदवही) तिची नोंद करून घ्या आणि त्या पानाचा फोटो घ्या. हा फोटो हजार रुपयांच्या बॅनरपेक्षा भारी आहे, कारण त्यावरून कळतं की वस्तू आता शाळेची झाली, साहेब बदलले, शिक्षकांची बदली झाली तरी ती तिथेच राहणार.

हिशोब एका पानाचा करा. किती चित्रं आली, किती विकली, एकूण जमा, फ्रेम-छपाई-पाठवणी-हॉल यावर किती गेले, चित्रकारांना किती, शाळेला किती, आणि त्यातून काय काय घेतलं. हे पान प्रत्येक ग्राहकाला, प्रत्येक चित्रकाराला आणि शाळा व्यवस्थापन समितीला पाठवा. पैसे उरले तर काय करायचं हे तुम्ही ठरवू नका, समितीच्या बैठकीला ठेवा. बिलं आणि पावत्या ट्रस्टच्या फायलीत जाऊ देत.

वस्तू देताना कार्यक्रम हवाच असेल तर छोटा करा. पोरांना उन्हात रांगेत उभं करून, हातात वस्तू देऊन फोटो काढू नका. त्यापेक्षा ज्या चित्रकारांनी चित्रं दिली त्यांना एक दिवस शाळेत न्या, कागद-रंग बरोबर घ्या आणि दिवसभर पोरांबरोबर चित्रं काढा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं असतील तर त्यांना त्या दिवसाचा खरा उपयोग होतो, आणि माध्यमिक शाळेत कलाशिक्षकाची जागा रिकामी असेल तर तर फारच.

न विकलेली चित्रं ठरलेल्या तारखेच्या आत परत करा, प्रत्येक चित्रकाराची पोच घ्या. आणि पुढच्या मे महिन्यात एक चक्कर मारा, पावसाळ्याच्या आधी. कपाट भिंतीला वरच बसवलेलं आहे का, लाइटचे बोर्ड वर घेतलेत का, गोष्टीची पुस्तकं पाणी चढायला लागल्यावर कोण आणि कुठे हलवणार हे ठरलंय का, एवढं मुख्याध्यापकांबरोबर बसून बघून घ्या, आणि त्यात काही राहिलं असेल तर त्या वर्षीच्या यादीत ते पहिल्या नंबरला घाला.